सांगलीत बदली झाली आहे. गावभागात तळमजल्याचं घर स्वस्त भाड्याने मिळतंय. घ्यावं का? महापुरानंतर तिथलं जगणं कसं असतं?

माझं वह्या-स्टेशनरीचं छोटं दुकान गावभागातच, म्हणजे नदीजवळच्या जुन्या वस्तीत आहे आणि घर मागच्या बोळात, तळमजल्यावर. 2005 आणि 2019 चे पूर या घराने अंगावर घेतले, 2021 चा आम्ही वरच्या मजल्यावरून बघितला. तेव्हा विचारलंच आहे तर सांगतो.

सांगलीत पावसाळ्यात ‘पाणी किती आलंय’ असं कोणी विचारत नाही, ‘आयर्विनला किती?’ असं विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. प्रत्येक घराला आपला आकडा पाठ असतो. आमच्या उंबऱ्याचा आकडा 50, म्हणजे आयर्विनला 50 फूट झाले की पाणी आमच्या उंबऱ्याला लागतं. नदी पुढच्या दाराने येईल असं नवख्या माणसाला वाटतं. ती आधी गटारीतून, मोरीच्या भोकातून येते, मागून, आवाज न करता.

2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं, आमच्या भिंतीवर कमरेच्या जरा वर. वडिलांनी तिथे खिळ्याने रेघ मारून ठेवली होती. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा मी शहाणपणा करून त्या रेघेच्या वर दोन फूट सोडून सगळं रचलं. कपाटावर गाद्या, माळ्याखालच्या फळीवर कागदपत्रं, दुकानात वरच्या रॅकवर नव्या वह्यांचे गठ्ठे. आणि निवांत मनाने नदीपासून लांब, विश्रामबागला मेहुण्याकडे गेलो. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्याही पुढे गेलं. ज्यांच्याकडे जुन्या पुराची खूण होती त्यांचंच नुकसान जास्त झालं, असं माझं मत आहे. नवीन भाडेकरूंनी घाबरून टेम्पो बोलावला आणि सगळं नेलं.

आमच्या घरात पाणी सहा दिवस होतं. कोकणात माझी मावशी असते, तिच्याकडे 3 जून 2020 ला निसर्ग वादळ येऊन गेलं. ती म्हणते, काही तासांत पत्रे गेले, सुपारीची बाग झोपली, संध्याकाळी आम्ही मोजायला बसलो. आमच्याकडे मोजायलाच आठवडाभर मिळत नाही. तेवढ्या दिवसांत सगळं भिजत, फुगत, कुजत राहतं.

परत आलो तेव्हा दार उघडेना. आतला फ्रीज तरंगून दारामागे येऊन आडवा पडला होता. खिडकी काढून मुलाला आत सोडलं. वास कसला ते सांगता येत नाही. गटार, डिझेल, कुजलेलं धान्य, ओलं लाकूड, सगळं एकदम. नंतर चार महिने पाऊस पडला की भिंतीतून तो वास परत यायचा.

आता चिखलाबद्दल, कारण पूर म्हणजे खरं तर चिखल. पाणी उतरत असतानाच, घोट्याएवढं असताना, खराटा घेऊन गढूळ पाण्याबरोबर तो बाहेर ढकलायचा. पाणी पूर्ण गेलं आणि वरून ऊन पडलं, तर ती काळी माती फरशीला अशी धरते की फावडंही चालत नाही. शेजारच्या काकू पाणी गुडघ्याएवढं असतानाच येऊन खराटा मारत होत्या, आम्ही हसलो. त्यांचं घर दोन दिवसांत धुऊन झालं, आम्हाला नऊ दिवस लागले. धुवायला स्वच्छ पाणीही नव्हतं. नळ बंद, टँकर आला की बोळातल्या सगळ्या कळशा रांगेत.

दुकानाचं वेगळंच. कागद भिजला की फुगतो, हे मी धंद्यात जन्म काढून तेव्हा शिकलो. रॅकमध्ये वह्या इतक्या आवळून बसल्या होत्या की पहारीने उचकटून काढाव्या लागल्या, लोखंडी रॅक वाकले होते. विमा होता. पण हप्ता कमी पडावा म्हणून पुराचं कलम मीच काढायला लावलं होतं. दोष कोणाला देणार? त्याच आठवड्यात राजवाडा चौकातल्या नगर वाचनालयाची हजारो भिजलेली पुस्तकं गेल्याचं कळलं. माझ्या वह्या निदान कोऱ्या होत्या.

रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाद्या, सोफे, शोकेस यांचे डोंगर. लोक आपल्याच घरातलं सामान तिथे टाकायचे आणि जाता-येता त्याकडे बघायचं टाळायचे. बाहेरगावच्या महापालिकांचे सफाई कामगार आले, त्यांना आम्ही चहासुद्धा देऊ शकलो नाही, गॅसची शेगडीच चिखलात. मदतीचे ट्रकवर ट्रक आले. बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या महिनाभर पुरल्या. जुन्या साड्यांचे गठ्ठे मात्र चौकात पडून राहिले. खराटे, फिनेल, रबरी बूट आणणारी पोरं आली ती देवासारखी वाटली. लेप्टो, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या (लेप्टोस्पायरोसिस) गोळ्या वाटल्या, ब्लीचिंग पावडर मारली. सरकारने शहरातल्या कुटुंबाला 15 हजार जाहीर केले, त्यातले 5 हजार रोख. पंचनाम्याला आलेल्या माणसाने ‘कुठे भिजलंय?’ विचारलं, कारण तोवर आम्ही घर धुऊन काढलं होतं. म्हणून आधी फोटो काढा, मग खराटा हातात घ्या.

मीटर आणि बोर्ड वाळेपर्यंत, वायरमनने तपासेपर्यंत वीज सुरू करू नका. आमच्याकडे मिक्सर वाचला असता, मोटर वाळायच्या आत कोणीतरी बटण दाबलं.

2 सप्टेंबरला गणपती बसले. आमच्या भिंतींचा गिलावा अजून ओला होता, मूर्ती पाटाऐवजी विटांवर ठेवली. बोळात त्या वर्षी आरती फार मोठ्याने झाली.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा 54 फुटांच्या वर गेलं. या वेळी मी खुणेकडे बघितलंच नाही, सगळं वरच्या मजल्यावर नेलं.

तर तुमच्या घराचं. भाडं स्वस्त का आहे हे तुम्हाला कळलंच असेल. माणसं इथली चांगली, मंडई, नदी, गणपतीचं देऊळ चालत अंतरावर. वर एखादी खोली वापरायला मिळत असेल तर घ्या, नाहीतर विश्रामबाग बघा. ठरवायच्या आधी घरमालकाला विचारू नका, तो म्हणेल ‘आमच्याकडे एवढं नाही येत’. समोरच्या घरातल्या बाईंना विचारा, या घराचा आकडा किती. आणि भिंतीला नवा रंग असेल तर कपाट सरकवून मागे बघा, तिथे रंग मारायचा कंटाळा करतात.