रात्री आठला पोचणार असाल तर रियोकान घेऊच नका

तुमचा बेत असा दिसतोय: दिवसभर क्योतो पाहून रात्री आठपर्यंत किनोसाकी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावातल्या रियोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पाहुणघरात, पोचायचं आणि सकाळी सातला हिरोशिमाकडे निघायचं. सोबत आईबाबा. आई शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखरे. चारचौघांत कपडे काढून अंघोळ कशी करायची, हा आईचा प्रश्न. आणि माणशी २५ हजार येन वसूल होतील का, हा तुमचा.

या वेळापत्रकात नाही होणार. त्या पैशात झोपायला खोली मिळते एवढंच नाही. दुपारी तीन ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा हा सगळा वेळ तुम्ही विकत घेता. साडेतीनला पोचायचं, खोलीत चहा आणि छोटीशी मिठाई, युकाता (सैलसर सुती झगा) चढवायचा, एकदा गरम पाण्याच्या कुंडात डुंबून यायचं. सहा-साडेसहाला जेवण. तेवढ्यात कोणीतरी तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, गाद्या घालून जातं. झोपण्यापूर्वी पुन्हा पाणी, पहाटे पुन्हा पाणी, मग न्याहारी. मधल्या वेळात काहीही करायचं नसतं, आणि आपल्या लोकांना नेमकं तेच जमत नाही. ओसाकाला राहायला आल्यावर पहिल्या वर्षी मीही असाच पावणेआठला धापा टाकत पोचलो होतो. स्वयंपाकघर आवरायला आलेलं. उशीर आमचा, आणि माफी मालकीणबाई मागत होत्या! फार ओशाळलो.

आता अंघोळीचं. आईंना वज्रेश्वरीची कुंडं माहीत असतील, पण तिथल्यासारखं अंगावर कपडे ठेवून इथे उतरता येत नाही. बायका-पुरुषांची स्नानगृहं वेगळी असतात. दारावर बहुधा बायकांसाठी लाल आणि पुरुषांसाठी निळा पडदा. पडदा रोज नीट बघा, कारण बऱ्याच ठिकाणी रात्रीतून दोन्हींची अदलाबदल करतात. आत गेल्यावर बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, ती झाली की मगच कुंडात. केस वर बांधायचे, छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. कोणी कोणाकडे बघत नाही, हे सांगून आईंना पटणार नाही. माझ्या आईलाही पटलं नव्हतं. "मी खोलीतच बसते," म्हणाली. पहाटे साडेपाचला सगळं रिकामं असताना एकटीच जाऊन आली, आणि न्याहारीनंतर निघायची वेळ झाली तरी तिचा पत्ता नाही, पुन्हा कुंडात!

तरी सुरुवातीला 'काशिकिरी' असलेलं रियोकान शोधा. काशिकिरी म्हणजे ठरावीक वेळेपुरतं फक्त तुमच्या कुटुंबासाठी राखून ठेवलेलं कुंड. कुठे फुकट, कुठे वेगळे पैसे. खोलीलाच उघड्यावरचं कुंड असलेल्या खोल्या बऱ्याच महाग पडतात. आणि 'ओन्सेन', म्हणजे नैसर्गिक झऱ्याचं पाणी, असं लिहिलंय ना, ते तपासा. १९४८च्या कायद्यानुसार उगमाशी किमान २५ अंश सेल्सियस तापमान किंवा ठरवून दिलेल्या घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असलेलं पाणीच ओन्सेन. शहरी हॉटेलांतली मोठी स्नानगृहं कित्येकदा साधं पाणी तापवून भरलेली असतात.

पाणी ४०-४२ अंश असतं. बाबांना रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पायांवर पाणी घेत हळू उतरायचं, पाच-सात मिनिटांत बाहेर. जेवणानंतर लगेच किंवा साके घेऊन तर नकोच.

गुडघ्यांसाठी 'वायोशित्सु' मागा, म्हणजे तातामीही आणि पलंगही. जेवण टेबल-खुर्चीवर मिळेल का, तेही बुकिंगच्या वेळीच विचारा.

खरी अडचण आईंच्या जेवणाची. नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही. माझ्या आईपुढे सुंदर भाज्या आल्या, त्या सगळ्या माशाच्या पाण्यात शिजवलेल्या. मिसो सूपसुद्धा बहुतेक कात्सुओच्या, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या दाशीतलं (दाशी म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी). निदान आठवडाभर आधी 'मांस नको, मासे नको, माशाची दाशीही नको, कोम्बूची (समुद्री शेवाळाची) चालेल' असं जपानीत लिहून कळवा. नाही म्हणाले तर राग मानू नका, जमत नसेल तर ते स्पष्ट सांगतात. मग फक्त आईंसाठी जेवणाशिवायचा दर मिळतो का पाहा आणि थालीपीठ, मेतकूट सोबत ठेवा. जेवण हेच महत्त्वाचं असेल तर कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध तीर्थक्षेत्रातल्या मंदिरातला मुक्काम बरा. तिथलं बौद्ध भिक्षूंचं जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. पण बहुतेक मंदिरांत ओन्सेन नाही.

किनोसाकीची निवड मात्र चांगली आहे. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं, मुक्कामी पाहुण्यांना त्यांचा पास मिळतो. नदीकाठच्या विलोंखालून युकाता आणि लाकडी गेता घालून खट् खट् करत लोक एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. टॅटू असला तरी तिथे अडवत नाहीत. युकात्याची डावी बाजू उजवीवर घ्या, उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात. खेकड्याच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, दर चढतात. तुम्ही एप्रिलअखेर जाताय ते बरं, फक्त २९ तारखेपासूनची सुट्ट्यांची गर्दी टाळा.

म्हणून क्योतोचा तो दिवस अर्धा करा. बाराच्या आत गाडीत बसा, अडीच तासांचा प्रवास आहे. दुसऱ्या दिवशी न्याहारी करून, दहाला खोली सोडून, हामाकाझे एक्सप्रेसने हिमेजी आणि तिथून शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) हिरोशिमा. हामाकाझेच्या फेऱ्या दिवसातून मोजक्याच आहेत, वेळ आधी बघून ठेवा. क्योतोतली दोन देवळं राहतील, राहू द्या.