गळावरची माशी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कृत्रिम माशी, म्हणजे मासे पकडण्यासाठी गळाच्या दांडीवर पिसे, केस आणि लोकर दोऱ्याने बांधून केलेला किडा, या विषयावर गेल्या अंकात लिहिल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा अधिक दिली आहे, कारण तोच प्रश्न शब्द बदलून इतर अनेकांनी विचारला होता.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. या हिवाळ्यात घरी बसून ट्राउटसाठी ‘ॲडम्स’ ही तरंगती माशी बांधायला शिकतो आहे. १४ नंबरच्या गळावर आतापर्यंत वीसेक माशा बांधल्या. दिसायला त्या छान भरगच्च होतात, पण दोन-चार फेकींतच पाण्यात बसतात, पिसे सैल होऊन दांडीभोवती फिरू लागतात आणि गळाचे नेढे दोऱ्याने इतके बुजते की त्यातून लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाचा बारीक पारदर्शक धागा, ओवता येत नाही. सामान चांगल्या दर्जाचे घेतले आहे. मग चूक कुठे होते?

उत्तर : तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ तुम्हीच वापरलेल्या ‘भरगच्च’ या शब्दात आहे. माशीवर सामान जास्त चढते आणि दोऱ्याला ताण कमी पडतो. आधी सामानाचे पाहू.

ॲडम्स ही तुमच्याच राज्यातली माशी. ट्रॅव्हर्स सिटीजवळच्या मेफील्ड येथे लेन हॅलाडे यांनी ती १९२२ मध्ये बांधली, त्यांचे स्नेही चार्ल्स ॲडम्स यांनी ती बोर्डमन नदीवर वापरली आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. करड्या लोकरीचे अंग, तपकिरी आणि पट्टेदार ग्रिझली अशा दोन कोंबड्यांच्या मानेची मिसळून गुंडाळलेली पिसे आणि ग्रिझलीच्याच पिसांच्या टोकांचे पंख, शिवाय एक शेपटी, एवढाच तिचा संसार. ती कोणत्याही एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही, तरीही शंभर वर्षे ट्राउट तिला फसत आला आहे, आणि त्याचे कारण पाण्याखाली जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

खालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग, प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे, सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, डोक्यावरच्या एखाद्या गोल खिडकीतून दिसावे तसे दिसते, आणि त्या खिडकीच्या बाहेरचा सगळा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो. प्रवाहाबरोबर येणारी माशी खिडकीत शिरेपर्यंत तिचा रंग किंवा तिच्या पंखांचा आकार ट्राउटला जवळजवळ कळतच नाही. त्याला दिसतात ते पिसाच्या तंतूंच्या टोकांनी पाण्याच्या पापुद्र्यावर पाडलेले खळगे, आरशावर चमकणाऱ्या ठिपक्यांसारखे. माशी तरंगते तीही याच टोकांवर. हे तंतू ताठ, एकसारख्या लांबीचे आणि एकमेकांपासून मोकळे असतील तर पापुद्रा तिला पेलतो. ते दाटीवाटीने बसले की एकमेकांत पाणी धरून ठेवतात, आणि त्याखाली लोकरीचे जाड अंग असेल तर ते स्पंजासारखे भिजून उरलेसुरले काम पुरे करते.

म्हणून लोकर घेताना चिमटीत जेवढी येते तिच्यातली निम्मी बाजूला ठेवा, आणि उरलेली दोऱ्यावर अशी पसरा की दोरा खालून दिसावा. त्याला नुसती धुक्याची लव आल्यासारखे वाटले की लोकर पुरेशी झाली. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये ती एकाच दिशेने वळा, उलटसुलट चोळू नका, कारण उलट चोळताना आधीचा पीळ सुटतो. शेपटी गळाच्या दांडीएवढी लांब असावी. पिसांच्या तंतूंची लांबी गळाचे टोक आणि दांडी यांमधल्या अंतराच्या दीडपट ठेवा, आणि दोन्ही पिसांचे मिळून पंखांच्या मागे पाच-सहा, पुढे चार-पाच वेढे घेऊन थांबा. आणखी दोन वेढ्यांची जागा दिसते आहे असे वाटेल. ती जागा पिसांसाठी नाही, शेवटच्या गाठीसाठी आहे.

नेढे बुजते ते याच जागेवर अतिक्रमण झाल्यामुळे. दोऱ्याची सुरुवात करतानाच नेढ्याच्या मागे नेढ्याएवढी दांडी उघडी ठेवा आणि शेवटपर्यंत तिच्यावर काही येऊ देऊ नका. लहानपणी भोवऱ्याला जाळी गुंडाळली असेल तर दोऱ्याचा पाया कसा घालायचा हे तुमच्या हातांना आधीच ठाऊक आहे: वेढ्याला वेढा लागून, एकावर एक न चढता. येथे आणखी एक युक्ती उपयोगी पडते. नेहमीच्या पद्धतीने वेढे घेताना दोऱ्याला हळूहळू पीळ बसत जातो आणि तो दोरीसारखा गोल होतो. अशा वेळी दोऱ्याचे रीळ धरणारी, खाली लोंबणारी बॉबिन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून सोडली की दोरा फितीसारखा चपटा पडतो आणि माशीचे डोके निम्म्या जाडीत बांधून होते.

आता ताणाविषयी. पिसे सैल होतात, कारण नवशिक्याला दोरा तुटण्याची भीती असते. एक संध्याकाळ फक्त दोरा तोडण्यासाठी काढा. व्हाइसमध्ये, म्हणजे गळ घट्ट धरणाऱ्या पकडीत, रिकामा गळ लावा, दहा वेढे घ्या आणि दोरा तुटेपर्यंत सावकाश ओढा. असे आठ-दहा वेळा केले की तुटण्याच्या अगदी अलीकडची जागा बोटांना कळू लागते, आणि त्यानंतर प्रत्येक वेढा त्या जागेच्या जरासा अलीकडे राहून घ्यायचा. मोगऱ्याचा गजरा बांधणाऱ्या बाईंचे हात पाहिले असतील, तर दोरा देठाला आवळतो पण कापत नाही अशी जी नेमकी ओढ त्यांच्या बोटांत असते, तीच येथे हवी. पिसाचा कणा बांधताना तो बांधण्यापूर्वी तळाशी दोन-तीन मिलिमीटर तंतू काढून उघडा करा, कारण गुळगुळीत दोऱ्याखाली तंतूंचा थर राहिला तर कितीही ओढले तरी पीस निसटते.

प्रश्न : माझा आठ वर्षांचा मुलगा जवळच्या तळ्यावर ब्लूगिल हे छोटे मासे पकडतो. त्याला स्वतः बांधलेली माशी वापरायची आहे. ट्राउटच्या माशा बांधणे त्याला जमत नाही, आणि मला स्वतःला मुळीच येत नाही. दोघांनी मिळून सुरुवात कशाने करावी?

उत्तर : फोमच्या कोळ्याने करा. बंद पेशींच्या फोमची काळी पट्टी, रबराचे चार पाय आणि १० नंबरचा लांब दांडीचा गळ, एवढेच सामान लागते. दांडीवर दोऱ्याचा पाया घालून पट्टीचे एक टोक मागे बांधा, पट्टी पुढे दुमडून मध्यावर पुन्हा आवळा, त्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना पाय अडकवा, पट्टीचे पुढचे टोक नेढ्याच्या मागे बांधा आणि गाठ मारा. काळ्या कोळ्याच्या पाठीवर पिवळ्या फोमचा एक तुकडा बांधला तर मुलाला तो दुरूनही दिसतो.

ब्लूगिलचे तोंड फार लहान असते, म्हणून यापेक्षा मोठा, म्हणजे कमी नंबरचा, गळ घेऊ नका. आणि तो आमिष चटकन आत ओढतो, म्हणून दांडी लांब हवी, नाहीतर गळ काढताना माशाला इजा होते. गळाचा उलटा काटा बांधण्यापूर्वीच पकडीने दाबून टाका. त्याने मासे थोडे अधिक सुटतील, पण मुलाच्या बोटात कधी गळ रुतला तर तो सहज निघेल, आणि आठ वर्षांच्या मुलाबरोबर असताना हा विचार सर्वांत आधी करायला हवा.

पाणी कोमट होऊ लागले की वसंताच्या शेवटी ब्लूगिलचे नर काठाजवळच्या उथळ तळाशी बशीसारखी गोल घरटी करतात आणि त्यांवर पहारा देतात. कोळी घरट्यांच्या कडेला टाकायला सांगा आणि त्याने उठवलेली शेवटची लहर विरेपर्यंत मुलाला तो हलवू देऊ नका. नंतर दोरी इतकीच खेचायची की रबराचे पाय थरथरावेत. बहुतेक वेळा मासा याच क्षणी येतो. तुम्ही मिशिगनमध्ये असाल तर १७ वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, परंतु तुम्ही त्याच्यासाठी गळ टाकणार किंवा मासा खेळवणार असाल तर तुमच्याकडे तो असावा लागतो.

प्रश्न : निम्फसाठी, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारख्या बुडत्या माशीसाठी, मोरपिसे फार लागतात. आमच्या गावी, सांगली जिल्ह्यात, शिवारात गळून पडलेली मोरपिसे ढिगाने मिळतात. पुढच्या खेपेला येताना ती अमेरिकेत आणावीत का? आणि आजोबा सांगत त्या रानकोंबड्याच्या पिसांनाही खरोखरच इतकी किंमत होती का?

उत्तर : कृपया आणू नका. मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. नैसर्गिकरीत्या गळलेली पिसे देशात बाळगण्याची मुभा असली तरी ती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. तुम्हाला हवे असलेले हिरवे-तांबूस तंतू पाळलेल्या मोरांचे असतात आणि माशीचे सामान विकणाऱ्या कोणत्याही अमेरिकी दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. एक मात्र करा. मोराचे तंतू ट्राउटच्या दातांनी लगेच तुटतात, म्हणून तीन-चार तंतू दोऱ्याभोवती पिळून एकत्र गुंडाळा आणि वरून तांब्याची बारीक तार उलट दिशेने फिरवा.

अमेरिकेतही हीच काळजी घ्या. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करारावरील कायद्यामुळे रॉबिन किंवा ब्लू जेसारख्या पक्ष्याचे अंगणात पडलेले पीससुद्धा उचलून घरी ठेवता येत नाही.

आजोबांचे म्हणणे खरे आहे. सह्याद्रीत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे चकचकीत, पांढरट-पिवळे ठिपके असतात, आणि एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये सॅमन मासे पकडण्यासाठी बांधलेल्या नटलेल्या माशीला गालाच्या जागी हे पीस लावण्याची पद्धत पडली. त्या हौसेपायी आपल्या डोंगरांतील किती कोंबडे मारले गेले असतील या विचाराने मला ती माशी पाहवत नाही. आज त्यांचीही निर्यात बंद आहे, आणि कायदेशीर बाजारातील पिसे युरोपात बंदिस्त जागी वाढवलेल्या पक्ष्यांची असतात.

प्रश्न : मी पुण्याचा. मे महिन्यात हिमाचलमध्ये तीर्थन नदीवर जाणार आहे. आयात केलेली कोंबड्याची मान, म्हणजे पिसांसकट मिळणारे मानेचे कातडे, परवडत नाही. येथील चिकनच्या दुकानातली पिसे चालतील का?

उत्तर : ब्रॉयलरची चालणार नाहीत. तो पक्षी साधारण सहा आठवड्यांचा असतानाच कापला जातो, त्यामुळे त्याचे पीस आखूड, मऊ आणि गादीच्या कापसासारखे राहते. महागड्या माना ज्या कोंबड्यांच्या असतात, त्यांची पैदास अनेक पिढ्या केवळ पिसांसाठी निवड करून केलेली असते, म्हणून त्यांचे एकेक पीस लांब, बारीक आणि ताठ निघते. मात्र वर्षाहून मोठ्या गावरान कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची पिसे मागून घ्या. ती तरंगत्या माशीला पुरी पडत नसली, तरी बुडत्या माशीला आणि वूली बगर नावाच्या, पाण्याखाली ओढायच्या माशीला उत्तम असतात, कारण तेथे मऊ तंतूंनी पाण्यात हलावे हीच अपेक्षा असते.

ती कोमट पाण्यात साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढून दोन दिवस राहू द्या आणि पुन्हा गोठवा, म्हणजे दरम्यान अंड्यांतून बाहेर आलेले किडेही मरतात. मी एकदा हा दुसरा टप्पा गाळला, आणि पावसाळ्यानंतर डबा उघडला तेव्हा चांगल्या ग्रिझली मानेला कसर लागून तळाशी फक्त भुसा आणि कणे उरले होते.

तीर्थनमध्ये ब्राउन ट्राउट आहे. मे महिन्यात बर्फाचे पाणी उतरत असते, त्यामुळे तरंगत्या माशीपेक्षा तळाशी जाणाऱ्या निम्फवर भर द्या. इंग्लंडच्या विल्टशायरमधील एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी बसवलेली फेझंट टेल ही निम्फ तुमच्या खिशाला सोयीची आहे. ते दोरा वापरतच नसत. तांब्याच्या बारीक तारेनेच फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तीन-चार तंतू बांधत, आणि तीच तार माशीला वजनही देई. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतील तार त्यासाठी चालते. १२ आणि १४ नंबरच्या गळांवर प्रत्येकी सहा निम्फ बांधा, निम्म्या निम्फच्या छातीखाली तारेचा एक जादा थर द्या, आणि जड कोणत्या ते नदीवर ओळखू यावे म्हणून त्यांचे डोके लाल नेलपॉलिशने रंगवून ठेवा. मत्स्य विभागाचा परवाना मात्र पाण्यात पाय टाकण्यापूर्वीच काढून घ्या.