चार वाजता अडलं तर विचारणार कुणाला?

मार्च संपत आला की माझ्याकडे फिजिक्सवाली मुलं सल्ला मागायला येऊ लागतात. उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टची उत्तरं तेव्हाच येत असतात. एकही उत्तर न आलेली मुलं हिरमुसलेली असतात, पण दोन उत्तरं आलेली त्यांच्याहून जास्त बेजार.

ही इंदूरच्या रामबागेतली मुलगी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. सोबत वडील होते. "मॅडम, ही पंधरा दिवसांपासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून राहिली आहे," ते म्हणाले. अस्सल इंदुरी मराठी. मुलीने लॅपटॉप उघडून मला एक तक्ता दाखवला. दोन पर्याय, आठ निकष, प्रत्येकाला गुण. पहिला पर्याय बाहेरगावच्या नामांकित संस्थेत, थिअरीचा विषय, मार्गदर्शक फार मोठे. दुसरा इंदूरमधल्याच एका प्रयोगशाळेत, क्ष-किरण विवर्तनाचं काम, म्हणजे पावडरवर क्ष-किरण टाकून तिची आतली रचना ओळखायची. "संस्थेचं नाव" या एका निकषालाच तिने 40 गुण ठेवले होते. मग पहिला पर्याय जिंकणारच! तरी झोप येत नव्हती.

भीती विचारली तेव्हा ती म्हणाली, "ताई, आत्ता चुकलं तर मी आयुष्यभर त्याच विषयात अडकेन."

ही भीती दर वर्षी कुणी ना कुणी घेऊन येतं, म्हणून सरळच लिहिते. दुसऱ्या वर्षातला आठ आठवड्यांचा प्रोजेक्ट कुणाला कुठे बांधून ठेवत नाही. उन्हाळ्यात दुर्बिणीचा डेटा चाळलेली मुलं पुढे लेझरमध्ये पीएचडी करताना मी पाहिली आहेत. तेव्हा विषय कोणता, याला मी फार वजन देत नाही. तिच्या तक्त्यात मी एकच रकाना वाढवला: दुपारी चार वाजता काम अडलं, तर विचारणार कुणाला?

दोन्हीकडे तिच्याकडे उत्तर नव्हतं. घरी जाऊन शोधायला सांगितलं. दोन्ही ठिकाणी आदल्या वर्षी गेलेल्या मुलांना गाठ आणि "कसं होतं?" असं विचारू नकोस. त्यावर "छान होतं" एवढंच ऐकायला मिळतं. विचार, की तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंस?

चार दिवसांनी ती परत आली. बाहेरगावी गेलेल्या मुलाने लिहिलं होतं: वाचनालयात पेपर वाचले, सरांची भेट दोन महिन्यांत दोनदा झाली. इंदूरवालीने लिहिलं होतं: सकाळभर खलात पावडर घोटली, दुपारी मशीनवर नंबर लागला, संध्याकाळी पीएचडीच्या दादाने ग्राफ परत काढायला लावला. वाचूनच कंटाळा यावा असा दिवस. पण त्यात एक माणूस होता.

वडिलांचा प्रश्न रास्त होता. "पण मॅडम, पुढे सर्टिफिकेटवरचं नाव बघतात ना?" बघतात, खोटं कशाला बोलू. पण पुढे शिफारसपत्रही लागतं. ज्यांनी आपल्याला दोनदा पाहिलं ते लिहून लिहून काय लिहिणार? आणि गावातलं म्हणजे कमी, हे इंदूरकरांच्या डोक्यातून कधी जाणार कोण जाणे. आपण अजून ज्याला 'कॅट' म्हणतो त्या इथल्याच राजा रामण्णा संशोधन केंद्रात, क्ष-किरण देणाऱ्या इंडस-2 यंत्राच्या 172 मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरताहेत, आणि आपण मात्र मुलांना पुण्या-मुंबईच्या गाडीत बसवायला निघालो.

अर्थात उलटा सल्लाही मी दिला आहे. एका तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला म्हटलं होतं, जा बाहेर. त्याने संशोधन करणारा माणूसच पाहिला नव्हता. त्याच्यासाठी तिथल्या हॉस्टेलच्या मेसमधल्या गप्पासुद्धा शिक्षणच. फक्त खोलीभाडं आणि विद्यावेतन यांचा हिशेब आधी मांडायचा. आणि "रिसर्च इंटर्नशिप" म्हणून कुणी आपल्याकडूनच पैसे मागत असेल, तर तिकडे फिरकायचंही नाही.

तिची अजून एक अडचण होती. इंदूरवाल्यांना शुक्रवारपर्यंत होकार हवा होता, आणि तिने अर्ज केलेल्या विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपचा निकाल लागायचा होता. हो म्हणून ठेवायचं आणि नंतर गप्प बसायचं, असा सल्ला तिला मैत्रिणींनी दिला होता. मी तो साफ मोडून काढला. ती जागा दुसऱ्या कुणाची तरी असते, आणि या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात. तिने चार ओळींची मेल लिहिली: एक निकाल बाकी आहे, आठवडाभर मुदत मिळेल का? तासाभरात उत्तर आलं, मिळेल. पुढे आठवडा संपायच्या आतच तिने इंदूरला हो कळवून टाकलं.

जुलैत दोघं पुन्हा आले. "ताई, एक कळलं, मला पावडर घोटायला मुळीच आवडत नाही. पुढच्या वेळी कॉम्प्युटरवरच्या कामासाठी अर्ज करणार आहे."

वडिलांचा चेहरा पडला. "म्हणजे दोन महिने फुकट?"

तिने वही काढली. मशीन तपासायला सिलिकॉनची पावडर लावतात. ग्राफवर तिचं शिखर 28.44 अंशांवर यायला हवं. तिला 28.6 वर मिळत होतं. तीन पानं भरून खाडाखोड होती: तरंगलांबी तपासली, सूत्र तपासलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. चौथ्या पानावर पेन्सिलीने पावडर भरायच्या होल्डरचं चित्र होतं. पावडर काठाच्या पाव मिलीमीटर वर आली होती, दाबून सपाट केलीच नव्हती.

"दादाला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तीन दिवस बाजूच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता, पण एका शब्दाने बोलला नाही."

वडिलांनी वही आपल्याकडे ओढली आणि चष्मा लावला.