रस्ता वरून फुटतो की खालून?

प्रश्न : बडोद्यात कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या रस्त्यावर दोनदा डांबर टाकून झाले. दर उन्हाळ्यात कडेने लांबच लांब भेग पडते आणि पावसाळ्यात रस्ता नेमका तिथेच बसतो. कंत्राटदार आणखी एक थर सुचवतात. टाकावा का?

उत्तर : इतक्यात नको. कडेपासून फूट-दोन फूट आत, रस्त्याला समांतर धावणारी भेग दिसली की पहिला संशय खालच्या काळ्या मातीवर घ्यावा. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. रस्त्याच्या मधोमध डांबराखाली ओल वर्षभर जवळपास सारखी राहते. कडेची माती मात्र वैशाखात तडकते, आषाढात फुगते. मधला भाग जागेवर, कडेचा हलता, म्हणून दोहोंच्या सीमेवर डांबर फाटते. त्या भेगेतून पाणी उतरले की माती मऊ होऊन रस्ता बसतो. कडेला मोठी झाडे असतील तर मुळे उन्हाळ्यात ओल शोषून हा खेळ वाढवतात.

खात्रीसाठी एक सोपी चाचणी आहे. भट्टीत वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली माती प्रत्येकी १० ग्रॅम, अशी १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांत घाला. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल ओता, ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे ते माप तुलनेला धरायचे. समजा रॉकेलमधली माती १० मिलिलिटरवर आणि पाण्यातली १६ वर थांबली, तर फुगवटा ६० टक्के. पन्नासच्या वर गेला की त्या मातीवर थेट खडी टाकणे म्हणजे पैसे पाण्यात.

मग उपाय दोन. एकतर काळी माती काढून चांगला मुरूम भरा, नाहीतर तिच्यात विरवलेला चुना मिसळा. चुना साधारणपणे कोरड्या मातीच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के लागतो, नेमके प्रमाण प्रयोगशाळेतून घ्यावे. चार टक्के धरले तर १५ सेंटिमीटर जाडीच्या थराला दर चौरस मीटरला सुमारे १० किलो. आधी ढेकळे फोडून बारीक करा. ढेकूळ राहिले की चुना त्याच्या पृष्ठभागालाच लागतो आणि आतली माती तशीच फुगते. मिसळून, ओल साधून त्याच दिवशी रोलर फिरवा, पुढे आठवडाभर थर ओलसर ठेवा. उघड्या पोत्यातला, महिनोन्‌महिने हवा लागलेला चुना घेऊ नका, तो निकामी झालेला असतो. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

त्यावर येणारा निचऱ्याचा थर, म्हणजे पाणी वाहून जावे म्हणून घातलेला खडीचा थर, कडेला मातीने बंद केला तर रस्त्याखाली हौद तयार होतो. तो थर गटारापर्यंत उघडा न्या. वर अडीच टक्के उतार ठेवा, म्हणजे मधल्या रेषेपासून ३ मीटरवर साडेसात सेंटिमीटर. नुसते थरावर थर चढवत गेलात तर रस्ता उंच होतो आणि पाणी घरांच्या जोत्याकडे वळते. बडोद्यात पुराच्या दिवसांत याची किंमत रहिवाशांनाच मोजावी लागते.

प्रश्न : आमच्याकडे गाड्याच जास्त, ट्रक क्वचित. मग रस्ता का खचतो?

उत्तर : क्वचित येणाऱ्या ट्रकमुळेच. नुकसान साधारणपणे आसावरच्या (दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्यावरच्या, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या) भाराच्या चौथ्या घाताने वाढते. प्रमाण आस ८.१६ टनांचा धरतात. तोच १० टनांचा झाला तर नुकसान सव्वादोनपट. उलट, ०.६ टन भार असलेल्या मोटारीच्या आसाच्या सुमारे ३४ हजार फेऱ्या एका प्रमाण आसाइतक्या होतात. बांधकामाची वाळू-खडी भिजल्या रस्त्यावरून आणू देऊ नका.

प्रश्न : मुलगा दहेज बंदराकडे जेट्टीच्या (बोटी लागण्याच्या धक्क्याच्या) कामावर आहे. तो म्हणतो, कायम पाण्यात बुडालेल्या खांबापेक्षा वरचा भाग आधी गंजतो. असे कसे?

उत्तर : त्याचे निरीक्षण बरोबर आहे. सळई गंजायला क्लोराइड (समुद्राच्या मिठातला घटक), ओल आणि प्राणवायू तिन्ही लागतात. बुडालेल्या भागात प्राणवायू फार कमी पोचतो. भरती-ओहोटीच्या आणि लाटांच्या शिंतोड्यांच्या पट्ट्यात काँक्रीट भिजते, वाळते, दर वेळी मीठ मागे राहते. खंबातच्या आखातात भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, म्हणून हा धोक्याचा पट्टाही उंच असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटची कवची उडवतो.

इथे एम ४० या ताकदीच्या दर्जाखालचे काँक्रीट नको, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० पेक्षा जास्त नको आणि सळईवर ७५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा काँक्रीटचा थर, हवे. हे अंतर राखायला सळईखाली ठेवायचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, त्याच दर्जाच्या काँक्रीटचे असावेत. लाकडाचे तुकडे लावले की तिथूनच मीठ आत शिरते. बांधणीच्या तारेची टोके आत वळवा. मिसळायला आणि क्युअरिंगला (काँक्रीट ओले ठेवून पक्के होऊ देण्याला) गोडेच पाणी.

दुरुस्ती करताना फक्त सुटलेली कवची काढून लेप मारू नका. सळईच्या मागे दोनेक सेंटिमीटरपर्यंत काँक्रीट फोडा, सळई पूर्ण घासा आणि मगच भरा. मीठ मुरलेले जुने काँक्रीट मागे राहिले तर नव्या लेपाच्या कडेलाच काही वर्षांत पुन्हा तडा दिसतो.