यूएसबीएएसपी लॅपटॉपला दिसत नाही? आधी एवढं बघ

भाऊ, यूएसबीएएसपी म्हणजे एव्हीआर चिपमध्ये कोड भरणारा प्रोग्रामर. तो लॅपटॉपला दिसत नाही, म्हणजे जळला, असं समजून लगेच बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) नवा घ्यायला धावू नकोस. बहुतेक वेळा तो ठणठणीत असतो.

पहिला संशय केबलवर. मोबाइलच्या चार्जरसोबतच्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतात. दिवा लागतो, पण लॅपटॉपला पत्ताच नसतो. तुझा प्रोग्रामर पेनड्राइव्हसारखा थेट लागणारा नसेल, तर केबल बदलून बघ. मधे यूएसबी हब असेल तर तोही काढ.

दुसरं, कॉम पोर्ट (आर्डुइनोसारखे बोर्ड ज्या नावाने दिसतात तो सिरियल पोर्ट) शोधत बसू नकोस. यूएसबीएएसपी तिथे येतच नाही, नवे लोक इथेच तासन् तास घालवतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी) उघड. यूएसबीएएसपीवर पिवळी खूण दिसली तर झॅडिगने (यूएसबीचे ड्रायव्हर टाकणारं प्रोग्राम) लिबयूएसबीचा ड्रायव्हर टाक. झॅडिगच्या यादीत नाव मात्र दोनदा वाच! घाईत माउसचा ड्रायव्हर बदलला की माउसच बंद. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, अडते ती परवानगी. चिपमध्ये कोड भरणारी एव्हीआरडूडची कमांड एकदा सुडोने (म्हणजे अॅडमिनच्या परवानगीने) चालवून बघ.

एव्हीआरडूड 'टार्गेट डझन्ट आन्सर' (चिप उत्तर देत नाही) म्हणाला, तर खूश हो, लॅपटॉपपर्यंतचं काम झालंय. आता चिपच्या तारा तपास:

- मोसी, मिसो, एससीके, रीसेट (प्रोग्रामर आणि चिप यांच्यातल्या सिग्नलच्या तारा)
- व्हीसीसी (वीजपुरवठा) आणि ग्राउंड (हाच जास्त विसरतात)

चिपच्या फ्यूजना (तिच्या आतल्या सेटिंगना) सध्या हात लावू नकोस. तरी अडलं तर एररचा पूर्ण मजकूर टाक.