मंडलाला कामाला लाव

अगं, तुझ्या प्रबंधाबद्दल ‘हा तर वास्तववादच, फक्त संस्कृतातला’, म्हणजे सत्तेच्या राजकारणाचा तोच पाश्चात्त्य सिद्धान्त, एवढं परीक्षक म्हणाले आणि तू कौटिल्याचं प्रकरणच काढून टाकायला निघालीस! मी ते वाचलं. परीक्षकांचं चुकलेलं नाही. शेजारी तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र, अशी मंडलाची वर्तुळं काढून तू थांबलीस. एवढं सत्तासंतुलनवालेही सांगतात. मंडलाला कामाला लाव.

‘अर्थशास्त्रा’च्या सहाव्या अधिकरणाचा (भागाचा) पहिला अध्याय पुन्हा वाच, कंगल्यांची मुंबई विद्यापीठाची आवृत्ती समोर ठेवून. स्वामी (राजा), अमात्य (मंत्री), जनपद (प्रदेश आणि प्रजा), दुर्ग, कोश (तिजोरी), दंड (सैन्य), मित्र: राज्याची ही सात अंगं. इथे मित्र हे राज्याचंच अंग आहे! वास्तववादी केनेथ वॉल्ट्झने 1979 मध्ये राज्याच्या आतलं सगळं सिद्धान्ताबाहेर ठेवलं. कौटिल्य मंडलातले 12 राजे आणि प्रत्येकाच्या 5 द्रव्यप्रकृती (अमात्यापासून दंडापर्यंतची अंगं) धरून 72 घटक मोजतो. वेगळेपण इथे आहे आणि तुझ्या मसुद्यात नेमकं तेच नाही.

श्रीलंका घे. 2017 मध्ये हंबनटोटा बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे गेलं. एप्रिल 2022 मध्ये परकीय कर्जफेड थांबली, भारताने त्या वर्षी सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत केली. तरी ऑगस्टमध्ये भारताचा आक्षेप असताना ‘युआन वांग 5’ हे चिनी जहाज हंबनटोटाला लागलंच. आता आठवं अधिकरण उघड: आधीच्या अंगावरचं संकट नंतरच्यापेक्षा जड. कोश मित्राच्या आधी येतो. म्हणजे तिजोरी रिकामी झाली की मित्राची मर्जी मोडायला राज्य तयार व्हायला हवं. इथे तसंच झालं, की धनको चीनची भीती एवढं कारण पुरतं? काय सापडलं तर कौटिल्य खोटा ठरेल, ते आधी कागदावर लिही, पुरावे त्यानंतर.

आणि श्रीलंकेच्या वागण्याला ‘द्वैधीभाव’ म्हणून मोकळी होऊ नकोस. एकाशी संधी (तह) करून दुसऱ्याशी विग्रह (वैर), तो द्वैधीभाव. दोघांकडून पैसे घेणं नव्हे. ही चूक सर्रास होते, मला तिचा मनस्वी राग येतो.

ग्रंथ चंद्रगुप्ताच्या काळातला की ‘अर्थशास्त्रा’चे भाषांतरकार पॅट्रिक ऑलिव्हेल म्हणतात तसा बराच नंतरचा, यावर पानं खर्चू नकोस. तुझा युक्तिवाद त्यावर उभा नाही.

पाश्चात्त्य सिद्धान्तांची इतकी कडक परीक्षा कोण घेतं, असं तू विचारशील. कुणी घेत नाही, आणि हा अन्यायच आहे. पण चिनी तत्त्वज्ञ झाओ थिंगयांग यांच्या ‘थ्येनश्या’चं (‘आभाळाखालचं सारं जग एक’ या जुन्या चिनी कल्पनेचं) काय झालं बघ: शब्द देशी, आत चिनी वर्चस्वाची तरफदारी, हा आक्षेप त्याला चिकटला तो चिकटलाच. आपल्यावर तो येऊ नये म्हणून मी हट्ट धरते. मंडलाला कामाला लाव.

वर्तुळाची आकृती काढून टाक. तिथे सात अंगांचा तक्ता घाल: 2017 आणि 2022, दोन्ही वर्षांचा. तो आधी पाठव, बाकीचं नंतर बघू.