लोकरीच्या पिशवीतले लाडू

नाशिकहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगते. तिच्या सासूबाई ६७ वर्षांच्या. दसऱ्याच्या सुमारास रिपोर्ट केला तर तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ८.४ आली, गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवसापासून हिने स्वयंपाकघर पूर्ण आपल्या ताब्यात घेतलं. साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला, सकाळी ओट्स, रात्री सूप आणि सॅलड, आणि आईंनी फक्त आराम करायचा. त्या दिवसभर खिडकीशी बसून विणतात, पुण्याच्या नणंदेचं बाळ जानेवारीत यायचंय त्याच्यासाठी. फारसं बोलत नाहीत, ताटात अर्धं टाकतात. गेल्या आठवड्यात लोकरीची पिशवी आवरताना तळाशी रव्याच्या लाडवांचं पुडकं सापडलं, दुकानातलं. मग भांडण, रडारड, आणि नवरा म्हणाला "तू अतीच करतेस". पत्राच्या शेवटी तिने लिहिलंय, "ताई, ज्यांच्यासाठी मी एवढं मरमर करतेय त्याच मला फसवतात. मी वाईट सून आहे का?"

अगं नाही गं, अजिबात नाही. रिपोर्ट हातात आल्यावर तू घाबरलीस आणि घाबरलेलं माणूस जे करतं तेच केलंस, सगळं आपल्या हातात घेतलंस. काळजी होती म्हणूनच केलंस, त्यात मला जराही शंका नाही.

पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात "आईंची शुगर" परत परत येतं आणि "आई म्हणाल्या" असं एकदाच येतं, तेही लोकर खराब आली म्हणून टाके गळतायत एवढंच. त्या एका वाक्याकडे मी नंतर येते कारण ते फार महत्त्वाचं आहे.

आधी लाडू. तू लिहिलंस की विणकाम बाळंतविड्याचं चाललंय, टोपरं झालं, मोजे झाले, आता स्वेटर सुईवर आहे. आता सांग, बाळंतविड्यात नुसती लोकर असते का? डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, भाजलेली खसखस, खोबरं, हे सगळं आईच्या हातचं असतं ना. लेकीचे दिवस भरत आलेत आणि ज्या बाईने एवढी वर्षं त्या घरात डिंक तळला तिला ओट्याशी उभं राहू नका म्हणून सांगितलंय. बाळंतविड्याचा अर्धा भाग त्यांच्या हातात उरला तो म्हणजे सुया, म्हणून त्या दिवसभर सुयाच धरून बसल्यात. आणि लाडू कुठले, तर विकतचे! जिच्या हातचे लाडू अख्खी गल्ली मागून नेत होती (हे तूच लिहिलंयस) तिला कुणाकडून तरी पुडकं आणवून लपवावं लागलं. मला त्यात फसवणूक दिसत नाही गं, मला ते वाचून पोटात कालवलं.

माझ्या आईला हार्टचा त्रास झाला तेव्हा आम्ही भावंडांनी हेच केलं होतं. स्वयंपाकाला बाई लावली, आईला पलंगावर बसवलं, सगळे खूश. एक दिवस दुपारी ती दारात येऊन मला म्हणाली, "मी चहा ठेवू का गं?" स्वतःच्या घरात, परवानगी मागितली तिने. तिचे ते हात, पदराला पुसत पुसत उभी होती, ते मला आजही दिसतात.

तेव्हा स्वयंपाक त्यांना परत दे. पूर्ण नको, एकदम नको, पण त्यांचं असं काहीतरी दे ज्यात तू नाक खुपसणार नाहीस. भाजणी, उसळ, कोशिंबीर, पिठलं, हे सगळं त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं येतं आणि यातलं बरंचसं शुगरलाही चालण्यासारखं आहे. ओट्समध्ये जादू नाही बाई. मटकीची उसळ, कुळथाचं पिठलं, मेथीची भाजी, घट्ट वरण हे ताटात जास्त आणि भाकरी-भात बेताचा, एवढं गणित आहे. भाकरीने शुगर वाढतच नाही असंही कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, ज्वारीतही पिष्ट असतंच, म्हणून तीन भाकऱ्या नकोत, एक-दीड पुरे. गुळाचंही तेच, गूळ चालतो म्हणणारे खूप भेटतील पण रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर जवळपास सारखेच. आणि ती शुगर फ्री बिस्किटं आणली असशील तर पुडा उलटा करून वाच, मैदाच असतो बहुतेक वेळा.

त्यांना सांग, "आई, वन्संसाठी डिंकाचे लाडू तुम्हीच करा, मी हाताखाली आहे." करू देत, गुळासकट तुपासकट, ते बाळंतिणीचे आहेत. त्यातला एखादा छोटा लाडू त्यांनी जेवणासोबत खाल्ला तर खाऊ देत, त्या वेळची भाकरी अर्धी कमी करायची. दोन जेवणांच्या मधे, रिकाम्या पोटी, भीतीने पटापट गिळलेला लाडू यापेक्षा कितीतरी वाईट.

शुगर मोजायचं मशीनही त्यांच्याच हातात दे. तू लिहिलंयस त्यांच्याकडे विणकामाची वही आहे, "बाही ४८ टाके, बॉर्डर १२ नंबरची सुई" अशी. ज्या बाईला ४८ टाक्यांतला एक कमी झाला तरी कळतो तिला सकाळचा उपाशीपोटीचा आकडा आणि जेवणानंतर दोन तासांचा आकडा लिहायला काय अवघड आहे? त्याच वहीत मागच्या पानापासून लिहू देत. कुठल्या दिवशी काय खाल्लं आणि आकडा किती आला हे त्यांचं त्यांना दिसलं की तुझ्या दहा लेक्चरांचं काम होतं. फक्त आकडा बघून तू चेहरा पाडायचा नाहीस, हे कबूल कर. टार्गेट किती ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, वयाप्रमाणे ते बदलतं. आणि एचबीए१सी तीन महिन्यांनीच परत करा, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात म्हणून त्या रिपोर्टमध्ये मागचे दोन-तीन महिने दिसतात, दर पंधरा दिवसांनी करून नुसती धाकधूक वाढते.

आता ते टाके गळण्याचं. चाळीस वर्षं विणणाऱ्या बाईचे टाके एकाएकी गळायला लागले तर लोकरीला दोष देऊन सोडायचं नाही. शुगर वरखाली झाली की डोळ्यांचा नंबरही तात्पुरता हलतो, त्यामुळे लगेच नवीन चष्मा करू नका, शुगर जरा स्थिर होऊ द्या. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्या. डायबेटीस कळला की ही तपासणी लगेच करायची असते आणि मग साधारण वर्षातून एकदा, कारण पडद्याला इजा होत असताना सुरुवातीला दुखत नाही की काही नाही. तोवर गडद निळ्या लोकरीऐवजी फिक्या रंगाचं काहीतरी विणू देत, उजेड खांद्यामागून येईल असं बसवा.

रात्री उजव्या हाताला मुंग्या येतात असंही तू ओझरतं लिहिलंस. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट अशाच मुंग्या असतील तर मनगटात नस दाबली जात असू शकते, शुगरवाल्यांना हा त्रास जास्त होतो आणि सुया तासन् तास धरल्या की वाढतो. डॉक्टरांना मुद्दाम सांगा. विणणं बंद करा म्हणू नकोस हं! धातूच्या सुयांऐवजी बांबूच्या हलक्या सुया आण, किंवा मधे वायर असलेली गोल सुई, तिच्यावर स्वेटरचं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. आणि दहा ओळी झाल्या की उठायचं, गॅलरीपर्यंत जाऊन यायचं. ओळी तर त्या मोजतातच, मोबाईलच्या अलार्मपेक्षा हे बरं. रात्री जेवून झालं की तुझ्या नवऱ्याने त्यांना घेऊन पंधरा मिनिटं चालून यावं, जेवणानंतर चाललं की शुगर कमी चढते. "तू अतीच करतेस" म्हणणं सोपं आहे, आई त्याचीही आहे.

एक गोष्ट मात्र मी कडक सांगणार. संकष्टीला त्यांना घाम फुटला, हात थरथरले आणि तुम्ही दमल्या असतील म्हणून झोपवलं. असं पुन्हा करू नका. काही गोळ्या अशा असतात की पोट रिकामं असलं तरी शुगर खाली ओढत राहतात, आणि चंद्रोदयापर्यंत उपाशी म्हणजे फारच झालं. असं झालं की आधी मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा. मशीन हाताशी नसेल तर मोजायची वाट न बघता साखर द्या. गुंगीत असतील, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. म्हणूनच तो साखरेचा डबा वरच्या फळीवरून आजच खाली काढ. पुढच्या संकष्टीआधी डॉक्टरांना गोळ्या दाखवून विचारा उपास करायचा का, केला तर कोणती गोळी कशी घ्यायची. आणि उपासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, ती हलकी समजून ताटभर खाऊ नये.

आणि तू? सकाळी पाचला उठतेस, तीन वेगवेगळे स्वयंपाक करतेस, स्वतः उभ्या उभ्या उरलेलं खातेस. तुझं हिमोग्लोबिन शेवटचं कधी बघितलंस? सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक कर, आईंना जे चांगलं ते तुम्हालाही चांगलंच आहे, आणि त्यांच्या शेजारी बसून जेव.

आज दुपारी जरा वेळ काढ. रागाची, लाडवांची काही गोष्ट काढू नकोस. त्यांच्या समोर जाऊन बस आणि विचार, "आई, डिंक किती आणू?"